वाचकांचे प्रश्न : वीरगळ, विजयस्तंभ आणि शत्रूची समाधी

प्रश्न : आमच्या गावातील मारुती मंदिराचा जीर्णोद्धार सुरू आहे. मंदिरामागे तीन कोरीव दगड उभे असून त्यांवर शेंदराचे जाड थर चढले आहेत. खालच्या भागात तलवारी घेतलेली माणसे व काही गुरे दिसतात. ग्रामस्थ त्यांना शिवकालीन मावळ्यांचे स्मारक मानतात, ठेकेदार मात्र ते पायाच्या भरावात घालू पाहत आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : सर्वप्रथम ते दगड भरावात जाऊ देऊ नका, बाकी सारे विचार त्यानंतर करता येतील. आपल्या वर्णनावरून ते वीरगळ दिसतात, म्हणजे लढताना मरण आलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेले दगड. वीरगळ खालून वर पाहत जावा. तळाच्या चौकटीत लढाईचा प्रसंग किंवा धारातीर्थी पडलेला वीर असतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो. माथ्यावर बहुधा चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, कारण ते आहेत तोवर त्याची कीर्ती राहावी अशी कोरविणाऱ्यांची इच्छा होती. तळाशी गुरे असतील, तर गावाची गुरे हाकून नेणाऱ्यांशी झुंजताना त्याला मरण आले, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावतात. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर तो सतीशिळेचा आहे; तोही तितक्याच काळजीने जपावा.

काळाविषयी मात्र सावध राहावे. महाराष्ट्रात वीरगळ उभारण्याची प्रथा शिलाहार आणि यादवांच्या काळात चांगलीच रुजलेली होती व ती पुढेही चालू राहिली. आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर लेख नसल्यामुळे वेश, शस्त्रे आणि कोरीवकामाची शैली पाहूनच तज्ज्ञ काळाचा अंदाज करतात. पुराव्यावाचून ‘शिवकालीन’ अशी पाटी लावणे मला त्या वीरावर अन्याय करणारे वाटते. त्याचे नाव आधीच हरवले आहे. निदान त्याचे शतक तरी आपण त्याच्याकडून काढून घेऊ नये. असा दगड किती बोलू शकतो, हे पाहायचे असेल तर मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसर येथील सहा वीरगळ अवश्य पाहावेत. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे एकमेकांवर चालून जाताना कोरली आहेत, आणि इ. स. १२६५च्या सुमारास यादव महादेव व उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात झालेल्या आरमारी युद्धाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

आता प्रत्यक्ष काम. दगड आहेत त्या जागी, त्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते टिपून, सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची छायाचित्रे घ्या. दुपारच्या उन्हात झिजलेली रेघ दिसत नाही. उंची, रुंदी आणि जाडी मोजून ठेवा. तारेचा ब्रश, आम्ल, तैलरंग यांपैकी काहीही वापरू नका आणि शेंदराचे थर घरच्या घरी खरवडू नका. ज्यांची तेथे पूजा चालते त्यांना ती करू द्यावी. त्या श्रद्धेमुळेच हे दगड आजवर टिकले आहेत. जागा बदलणे अगदी अटळ असेल, तर आधी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवून त्यांच्या सल्ल्यानेच ते मंदिराच्या आवारात उभे करावेत, तळाची चौकट सिमेंटमध्ये बुडू देऊ नये. १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प पुरावस्तू ठरते, हे ठेकेदाराला सांगितल्यास उपयोग होईल.

प्रश्न : कोरेगावचा विजयस्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. मग दर १ जानेवारीला एवढा मोठा जनसमुदाय तेथे का जमतो?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात वाचलेला अर्थ वेगळा असू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील सुमारे आठशे सैनिकांच्या तुकडीने भीमेकाठच्या कोरेगावात दिवसभर पेशव्यांच्या फौजेचे हल्ले थोपवून धरले, आणि रात्री पेशव्यांची फौज मागे गेली. स्तंभाचा पायाचा दगड २६ मार्च १८२१ रोजी बसविण्यात आला. त्यावर इंग्रजी व मराठी लेख आहेत. इंग्रजी लेखाचा आरंभ कोरेगावच्या बचावाच्या उल्लेखाने होतो. पण लेखापेक्षा नावांची यादी अधिक महत्त्वाची आहे. धारातीर्थी पडलेल्या ४९ जणांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार सैनिक होते. ज्या समाजाला गावात माणुसकीचे स्थान नाकारले जात होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीचे दारही ज्याच्यासाठी बंद झाले, त्याच्या पराक्रमाची ही दगडावरची नोंद होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले आणि त्यानंतर त्या जागेला आजचे महत्त्व आले. तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने ती नावे थांबून वाचावीत, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : वडगाव मावळ येथे एका इंग्रज अधिकाऱ्याची समाधी आहे, हे खरे का?
— एक वाचक, तळेगाव

उत्तर : होय. तो कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट, आपल्या लोकांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’. राघोबादादांना पुण्यात गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आलेल्या कंपनीच्या फौजेत तो होता आणि जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेला. पुढे हीच फौज तळेगावहून माघार घेताना वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडली आणि तिला तह करावा लागला. ‘फाकडा’ हे मानाजी शिंद्यांसारख्या शूर सरदाराला मिळालेले बिरुद शत्रूलाही देण्यात मराठ्यांना संकोच वाटला नाही. पुणे-लोणावळा लोकलने वडगावला उतरून समाधी पाहता येते. आपण तर शेजारच्याच गावी राहता, तेव्हा जरूर जाऊन या.