कूलंट उडून जात नसतं, ते कुठूनतरी गळतं

प्रश्न : नमस्कार सर, घरची पेट्रोल गाडी आहे, सात वर्षं झाली. गेले दोन महिने बॉनेटखालच्या टाकीतलं कूलंट आठ-दहा दिवसांत मॅक्सवरून पार मिनच्या खाली जातंय. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी कोरडा ठणठणीत. मेकॅनिक म्हणतो एवढं उडून जातंच, पाणी टाकत राहा, नाहीतर रेडिएटर बदलून टाकू. सध्या नळाचं पाणी टाकतोय. गाडी बंद केली की पुढून गोडसर वास येतो असं बायको म्हणते, मला काही येत नाही. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागीच असतो. पुढच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन लांब जायचंय, जाऊ का?

उत्तर : लीक सापडेपर्यंत लांब जाऊ नका. आणि वहिनींचं नाक अगदी बरोबर आहे, तो वास कूलंटचाच, गरम लोखंडावर पडून जळतंय ते.

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, त्याची सिस्टीम बंद असते, तिचं झाकण म्हणजे कॅप धड असेल तर त्यातून आठवड्याला एवढं उडून जाणं शक्यच नाही. पातळी उतरतेय म्हणजे कुठूनतरी गळतंय. मग पुठ्ठा कोरडा का? कारण गाडी चालू असताना आत साधारण 1 बारच्या आसपास प्रेशर असतं (तुमच्या गाडीचा आकडा कॅपवर छापलेला असतो), तेव्हाच ती बारीक फट उघडते, थेंब बाहेर येतो आणि गरम इंजिनवर तिथल्या तिथे वाळून जातो, रात्री इंजिन गार झालं की प्रेशरही नाही आणि थेंबही नाही. पण वाळलेलं कूलंट खूण सोडतं. पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली, तव्यावर उतू गेलेलं दूध वाळल्यासारखी. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन ती खपलीच शोधायची, थेंब नाही.

कुठे बघायचं? होजची, म्हणजे कूलंट नेणाऱ्या रबरी नळ्यांची टोकं, क्लॅम्पच्या (नळी आवळणाऱ्या पट्टीच्या) अगदी लगतची, तिथे दाबून बघा, फुगलेला, लिबलिबीत किंवा चिरा पडलेला रबर हाताला लगेच कळतो. रेडिएटरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेल्या असतात तो जोड. थर्मोस्टॅटचं (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर. आणि वॉटर पंप, हा मात्र नीट बघा. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून. त्या भोकाखाली रंगीत ओघळ वाळलेला दिसला की पंप बदलायचा, ते भोक एमसीलने बुजवायचं नाही. हे मी कळकळीने सांगतोय, बुजवलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, पुढे बेअरिंग जाम झालं आणि बेल्टही गेला.

ओलं जिथे दिसतं तिथेच गळत असेल असं नाही हेही लक्षात ठेवा. माझ्या स्वतःच्या गाडीत रेडिएटरचा खालचा कोपरा ओला होता, सगळे म्हणाले रेडिएटर गेला, आणि निघाला काय तर वरच्या होजचा सैल क्लॅम्प, ओघळ मागच्या बाजूने खाली येत होता.

म्हणून नवीन रेडिएटर घ्यायच्या आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. गार इंजिनवर कॅपच्या जागी छोटा हातपंप लावतात, कॅपवर लिहिलंय तेवढाच दाब देतात आणि पंधरा मिनिटं थांबतात, पंपावरचा प्रेशरचा काटा उतरला म्हणजे लीक आहे, आणि इंजिन गार असल्यामुळे आता ते वाळत नाही, सरळ दिसतं. त्याच वेळी कॅपही तपासून घ्या, स्प्रिंग सैल झालेली कॅप सगळं वाफेवाटे सोडत राहते. काटा उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं असेल तर मुख्यतः दोन जागा उरतात. एक डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (हीटरसाठी गरम कूलंट फिरवणारी छोटी जाळी), त्यात पायाशी मॅट चिकट ओलं होतं आणि काचेवर तेलकट धुकं बसतं. दुसरी हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील), त्यात टाकीत बुडबुडे, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर, ऑइलचा रंग दुधाळ, यातलं काहीतरी दिसतं, पण कधीकधी सुरुवातीला काहीच दिसत नाही, म्हणून टाकीच्या तोंडाशी निळं लिक्विड धरून टेस्ट करतात, ते पिवळं पडलं की सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येतोय.

टेम्परेचरच्या काट्यावर विसंबू नका. कूलंट फार खाली गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन तापलेलं असूनही काटा नॉर्मल दाखवू शकतो. गरम असताना कॅप तर अजिबात उघडायची नाही, कूलंट शंभर डिग्रीच्या वर असूनही दाबामुळे उकळत नसतं, कॅप फिरवली की दाब जातो आणि सगळं तोंडावर येतं. लीक थांबवायची पावडर-लिक्विडं मी तरी टाकणार नाही, हीटर कोअरच्या बारीक नळ्या त्याने तुंबतात.

दुरुस्ती झाली की दोन महिन्यांचं नळाचं पाणी पूर्ण काढून टाका, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेकचंच कूलंट भरा, रंगावर जाऊ नका, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळून, साधारण निम्मं-निम्मं. भरताना हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढावी लागते, रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा, गार झाल्यावर पातळी परत बघा, बहुतेकदा थोडी उतरलेली असते. मग टाकीवर मार्करने रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. रेघ हलली नाही तर आईबाबांना खुशाल घेऊन जा. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका, चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

प्रश्न : एसी लावून गाडी उभी केली की खाली पाणी साचतं. हेही कूलंटच का?

उत्तर : पांढऱ्या टिश्यूवर टिपून बघा. रंग नाही, वास नाही, बोटाला बुळबुळीत लागत नाही, म्हणजे एसीचं पाणी, ते पडायलाच हवं. उलट एसी चालू असून ते पडायचं थांबलं आणि आत पायाशी साधं पाणी साचलं तर ड्रेन पाइप तुंबलाय, तो साफ करून घ्या.