भंगारवाला जे नाकारतो, तिथून सुरुवात कर

इंदूर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे रेखाटन मिळाले. पाण्याच्या बाटल्यांच्या पाकळ्या, जुन्या सीडींचे खवले आणि संगणकातल्या सर्किट बोर्डांचा मुकुट असा मोराचा पोशाख तू टाकाऊ वस्तूंच्या पोशाख-स्पर्धेसाठी योजला आहेस. रेषा चांगली आहे, पिसाऱ्याचा तोल तर फारच चांगला साधला आहे. माझी हरकत क्रमाला आहे. तू चित्र आधी काढलेस आणि आता त्याला लागणारे सामान शोधायला निघाली आहेस. नवे कापड वापरायचे असते तर हाच क्रम योग्य ठरला असता, कारण क्लॉथ मार्केटमध्ये हवा तो रंग हवा तितके मीटर मिळतो. टाकाऊ सामान असे मागणीबरहुकूम येत नाही. एकाच छापाच्या निळ्या बाटल्या हव्यात म्हणून भरलेल्या बाटल्यांची खोकी विकत आणून पाणी मोरीत ओतणारे स्पर्धक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या पोशाखाशेजारी ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी पाटीही वाचली आहे.

म्हणून कोणतीही वस्तू हाती घेताना एवढेच विचार, की आपण हा पोशाख केला नसता तर ही वस्तू कुठे गेली असती. इंदुरात या प्रश्नाला बगल देता येत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर २०१७ मध्ये पहिले आले, पुढेही येत राहिले, आणि इथे ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक अशा सहा प्रकारांत कचरा घरातूनच वेगळा होऊन गाडीत जातो. पाण्याची स्वच्छ बाटली तर गाडीपर्यंतही पोहोचत नाही. अटालेवाला, म्हणजे आपला भंगारवाला, ती वजनावर विकत घेतो, पुढे तिचा चुरा होतो आणि त्यातून पॉलिस्टरचा धागा निघतो. अशा बाटलीवर स्प्रेचा रंग मारून आणि गोंद फासून आपण तिला कचऱ्यातून वाचवत नाही, उलट तिची पुढची वाट बंद करतो. याउलट वेफर्सची आणि बिस्किटांची पाकिटे किंवा शाम्पूच्या पुड्या पाहा. प्लास्टिकच्या एका थरावर धातूचा किंवा दुसऱ्या प्लास्टिकचा थर असा त्यांत चिकटलेला असतो, की तो सहजी सुटत नाही, त्यामुळे अटालेवाला त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि बहुतेकदा त्या सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. तुझ्या मोराला चमक हवी आहे ना? मग ती या पाकिटांच्या आतल्या रुपेरी बाजूत आहे. साबणाच्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढ, दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या काप, प्रत्येक पट्टी लांबीतून दुमडून कडा आत घे आणि टोपलीसारखी आडवी-उभी वीण घाल. सीडी मात्र सोडून दे. कापताना तिचे सुईसारखे तुकडे उडतात आणि तू ते नेमके गळ्याभोवती बसवणार आहेस. सर्किट बोर्डांबद्दल तर चर्चाच नको. जुन्या जोडकामात शिसे असते, पाटी काचतंतूंची असते, आणि ती कापल्यावर किंवा घासल्यावर उडणारी धूळ श्वासावाटे आत जाते. ते बोर्ड ई-कचऱ्यातच टाक.

आता मी स्वतः सर्वांत आधी जिथे जाईन ती जागा सांगते. आपल्या शहरात तयार कपड्यांचे कारखाने पुष्कळ आहेत, आणि कोणत्याही कारखान्यात कापडाचा साधारण १० ते १५ टक्के भाग कापणीतच वाया जातो. ही कतरन पोत्यांत भरून दाराशी ठेवलेली असते. बहुतेक विद्यार्थी त्या पोत्यात रंग शोधतात. तू आकार शोध. कारखान्यात एकेक सदरा कापत नाहीत, कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून विजेच्या कटरने एकदम कापतात, त्यामुळे बगलेच्या गोलाईतून किंवा गळ्याच्या खोलीतून निघणारा तुकडा एक नसतो, तंतोतंत सारख्या तुकड्यांचा गठ्ठाच असतो. चंद्रकोरीसारखा, एका टोकाला निमुळता, वरचे आणि खालचे नग एकाच मापाचे. कटिंग मास्टरला चहा पाजून सांगितलेस की पोत्यात टाकण्याआधी हे गठ्ठे दोरीने बांधून बाजूला ठेवा, तर तो ठेवतो. पिसारा म्हणजे तरी काय, एकाच आकाराची ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्तीच. तुला बाटलीतून कोरून काढावी लागणारी पाकळी इथे आयती कापून पडलेली आहे. त्यातच बरीचशी कतरन सुती आणि पॉलिस्टर मिश्र धाग्याची असते. मिश्र धागा वेगळा करणे कठीण असल्यामुळे तिला पुनर्वापरात भाव नसतो, म्हणजे वर सांगितलेल्या कसोटीलाही ती उतरते.

कापड कशाचे आहे हे विक्रेत्याच्या सांगण्यावर सोडू नकोस. चार धागे ओढून काढ, चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख सोडतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी गोळी बोटाने चुरते, पॉलिस्टर वितळून आकसतो आणि त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा पुढे रंगाईसाठीही लागेल आणि सुरक्षिततेसाठीही.

दुसरे भांडार घरातलेच आहे. आपल्या मराठी घरांत आजीच्या ट्रंकेत एखादी तरी नऊवारी असतेच, आणि नऊ वार म्हणजे आठ मीटरांहून अधिक सलग कापड. पण जुन्या रेशमाचा मोह पडला, तरी आधी ते उजेडासमोर धर. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या घडीच्या रेषेवरच विरते. वरून धड दिसते आणि अंगठ्यांनी हलका ताण दिला की शिवणीसारखे सरळ उसवत जाते. काठ आणि पदर सहसा शाबूत असतात, मधला भाग ताण सोसत नाही. अशा कापडाकडून वजन उचलण्याची अपेक्षा करू नये. त्याच्याखाली धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचे दोन-तीन थर घाल आणि गोधडीला घालतात तसा बारीक धावदोरा बोटाबोटाच्या अंतरावर सगळीकडे घाल. बायकांनी ही रीत केवळ उबेसाठी शोधली असे मला वाटत नाही. जीर्ण कापडाचा ताण एका जागी न येता शेकडो टाक्यांत वाटला जावा, ही त्यातली खरी अक्कल आहे. शिवाय टाके दाट घातले की कापडाला असा ताठपणा येतो, की छातीच्या आणि खांद्याच्या भागाला बुकरम, म्हणजे आतून लावायचे ताठ कापड, लावावेच लागत नाही. तुझ्या मोराची चोळी मी अशीच करीन.

रंगाविषयी थोडक्यात. पिवळा झेंडूच्या निर्माल्यातून, सोनेरी तपकिरी कांद्याच्या सालींतून मिळेल, पण फक्त सुती, रेशमी आणि लोकरीवर. पॉलिस्टर या रंगांना दाद देत नाही. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढ, मग कापडाच्या कोरड्या वजनाच्या १० ते १५ टक्के तुरटी दे. काळा हवा असेल तर त्याच हिरड्याला लोह भेटले पाहिजे. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या कापडछपाईत काळ्यासाठी हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वापरतात, आणि बाग इथून फार लांब नाही, एकदा जाऊन पाहून ये. हिराकस हात राखून वापर. लोहाचा अंश जास्त झाला की काळा रंग छान चढतो खरा, पण काही वर्षांनी नेमके तेवढेच कापड कुजून गळते. जुन्या छापील कापडांत काळ्या रेषेच्या जागी भोके पडलेली दिसतात ती याचमुळे. आणि चमकीचे नावही काढू नकोस, चमकी म्हणजे बारीक कापलेले प्लास्टिकच.

आता जोडणी, कारण पर्यावरणपूरक म्हणवणारे बहुतेक पोशाख इथे नापास होतात. ग्लू गनने कतरन पत्र्याला, पत्रा पुठ्ठ्याला आणि पुठ्ठा प्लास्टिकला चिकटवला, की चार वेगळ्या होऊ शकणाऱ्या वस्तूंची एक न सुटणारी वस्तू तयार होते. स्पर्धा संपल्यावर ती थेट कचऱ्यात जाते, आणि तीही आधीपेक्षा वाईट अवस्थेत. शिवाय तो गोंद उष्णतेने मऊ पडतो, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मुकुट ठेवलास तर राजवाड्यावर पोहोचेपर्यंत त्याची पिसे सुटलेली असतील. पाको राबान या फॅशन डिझायनरने १९६६ मध्ये पॅरिसमध्ये बारा पोशाख दाखवले होते. प्लास्टिकच्या आणि धातूच्या चकत्या त्याने पकडीने कड्या वळवून एकमेकींत अडकवल्या होत्या. ते पोशाख अंगावर घालण्याजोगे नाहीत असे त्याने नावातच सांगून टाकले होते, आणि त्या बाबतीत त्याचे अनुकरण करू नकोस. पण कडी उघडली की चकती मोकळी, ही गोष्ट मात्र जरूर घे. तुझ्याकडे कड्या, आयलेट, नाडी, गाठ, हुक आणि सुईदोरा एवढी साधने आहेत. गोंदाशिवाय भागत नाही अशी जागा दाखव, मग बोलू.

पिसाऱ्याच्या सांगाड्यासाठी मोडक्या छत्र्या पाहा. छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे तुटलेल्या काड्यांची जुडी मिळते. त्या हलक्या असतात, वाकवल्या तरी पुन्हा सरळ होतात आणि सांध्यावर दुमडतात, म्हणजे पिसारा मिटून रिक्षात बसताही येईल. तुला हसू येईल, पण अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांत, मी भव्य पंख लावलेली मुले गाडीवर तासन्‌तास उभी राहिलेली पाहिली आहेत, कारण त्यांना बसण्याची सोयच कोणी ठेवली नव्हती. पोशाख घालणारीला बसता आले पाहिजे, हात वर करता आला पाहिजे, पाणी पिता आले पाहिजे आणि कोणाच्या मदतीवाचून नाही तरी एका मदतनिसाच्या हाताने दोन मिनिटांत बाहेर पडता आले पाहिजे.

हे शेवटचे मी सोयीसाठी म्हणत नाही. प्लास्टिक आणि पॉलिस्टर पेटल्यावर वितळून त्वचेला चिकटतात, आणि आपल्या कार्यक्रमांत समई, आरती, फटाके, तापलेले दिवे यांपैकी काहीतरी हाताच्या अंतरावर असतेच. म्हणून अंगालगत घट्ट विणीच्या सुती कापडाचा पूर्ण बाह्यांचा थर ठेव, आणि पाकिटांची वीण त्याच्यावर मोकळी, मध्ये हवा खेळेल अशी बसव. इंदूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या बंद आवरणात अर्धा तास नाचणाऱ्या मुलीला घेरी येते, हे कोणी आपल्याला वेगळे सांगायला नको. वजनाबाबत माझा नियम असा, की प्रत्येक भाग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, एकूण चार किलोंच्या पुढे जाऊ देऊ नये, आणि पिसाऱ्याचा भार खांद्यावर न टांगता रुंद पट्ट्याने कमरेवर उतरवावा.

एवढ्यावरून तुझे चित्र बदलेल. बदलू दे. पुढच्या वेळी रंगीत चित्र पाठवू नकोस, तळहाताएवढे तीन नमुने पाठव: एक पाकिटांच्या विणीचा, एक चंद्रकोरींच्या खवल्यांचा आणि एक लुगड्याच्या थरांवर घातलेल्या धावदोऱ्याचा. प्रत्येकाला चिठ्ठी बांध. सामान कुठून आणले, कशाचे आहे, वजन किती, आणि कोणती कडी किंवा कोणता दोरा काढला की ते सुटते, हे तिच्यावर लिही. धावदोऱ्याच्या नमुन्याला चिठ्ठी लावण्याआधी तो एकदा धुऊन वाळव. कतरन आणायला शनिवारी जाऊ नकोस, आठवड्याचा हिशेब चालू असतो आणि मास्टर कोणाशी बोलत नाही.

तुझी हितचिंतक