फेडिव्हर्सवर बातमी, पण पैसे कुठून?

प्रश्न : आमचं जिल्ह्यापुरतं बातम्यांचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. फेसबुकवरून येणारा वाचक आटलाय, म्हणून मॅस्टोडॉनवर जायचा विचार आहे. पण तिथे जाहिरातीच नाहीत. मग खर्च निघणार कसा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मॅस्टोडॉन हे फेडिव्हर्समधलं, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यातलं, समाजमाध्यम. त्याचे हजारो सर्व्हर हजारो लोकांच्या हातात आहेत, जाहिरातीतला वाटा देणारी कंपनीच तिथे नाही. तिथून आणायचा तो वाचक. पैसे घ्यायचे आपल्याच डोमेनवर.

वर्डप्रेसमध्ये ‘ॲक्टिव्हिटीपब’ प्लगइन बसवलं की मॅस्टोडॉनवरून तुमचं संकेतस्थळच फॉलो करता येतं. सेटिंगमध्ये मात्र पूर्ण मजकूर पाठवू नका. शीर्षक, दोन ओळी आणि लिंक पुरे. तुम्ही लेख डिलीट केलात, तरी इतर सर्व्हरना फक्त तसा निरोप जातो. तो पाळायचा की नाही हे ज्याचं त्याच्या हातात. सभासदांसाठीचा लेख एकदा असा बाहेर पडला की गेलाच.

कॅशेमुळे (पानाची तयार प्रत साठवून ठेवणारी सोय) एक हमखास घोळ होतो. वाचकाला बातमीऐवजी महिरपी कंसांचा जेसॉन, म्हणजे यंत्रांनी वाचायचा मजकूर, दिसू लागतो. वाचकाचा ब्राउझर आणि मॅस्टोडॉनचा सर्व्हर एकाच पत्त्यावर येतात, पण एकाला पान हवं असतं, दुसऱ्याला जेसॉन. कॅशे एकच प्रत जपून ठेवतो आणि तीच दोघांना देतो. ‘ॲक्सेप्ट’ हेडरप्रमाणे (समोरच्याला काय हवं ते सांगणारी विनंतीतली ओळ) वेगळ्या प्रती ठेवायची सोय त्यात करून घ्या. शिवाय एखादी लिंक गाजली की शेकडो सर्व्हर प्रिव्ह्यूसाठी एकदम येऊन धडकतात. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग तिथेच मान टाकतं, म्हणून त्याच्या पुढे सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पानांच्या प्रती देणारी सेवा) हवाच.

बातमीच्या शेवटी आधी ईमेलची चौकट ठेवा. पैशाचं नंतर, त्याच ईमेलमधून विचारा. वर्गणीसाठी यूपीआय ऑटोपे सोयीचं आहे : पहिल्यांदा पिन टाकून मंजुरी दिली की पुढे 15,000 रुपयांपर्यंतच्या वर्गणीला दर वेळी पिन लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या 24 तास आधी वाचकाला सूचना जाते. मासिक वर्गणीत ही सूचना वर्षातून बारा वेळा जाणार, आणि खात्यात शिल्लक नसण्याची शक्यताही बारा वेळा. आमच्या मते वार्षिकच बरी.

मॅस्टोडॉनवरून आलेला वाचक आकडेवारीत बऱ्याचदा ‘डायरेक्ट’ म्हणून दिसतो. लिंकला यूटीएम (वाचक कुठून आला हे सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) जोडा, नाहीतर ‘तिथून कुणी येतच नाही’ असा समज होईल.

प्रश्न : अमेरिकेतले मराठी वाचक देणगी द्यायला तयार आहेत. घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जपून. परकीय योगदान नियमन कायदा, 2010 च्या कलम 3 नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक-संपादक आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्था यांना परकीय देणगी घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी वाचकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र परकीय ठरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याचे ठरतात, मग हातात ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. वर्गणी ही सेवेची किंमत असल्याने तिचा हिशेब वेगळा. तिचं बिल करा आणि देणगीत मिसळू नका. देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना पैसे भरण्याच्या बटणाआधी ठेवा आणि तो फॉर्म सुरू करण्यापूर्वी सीएला दाखवा.