८ बाय ४ फुटी प्लायवर ओंडके वाहणारी नॅरोगेज मॉडेल रेल्वे करायची आहे, शे इंजिन (गिअरवर चालणारं वाफेचं इंजिन) मनात भरलंय. स्केल कुठली, चढ किती, आणि काय काय बिघडतं?

आधी चढाचं बघू, कारण तो ठरला की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं. ओंडक्यांच्या रेल्वेत भरलेली गाडी खाली येते आणि रिकामी वर जाते. इंजिनाची खरी परीक्षा म्हणजे रिकाम्या गाड्या वर नेणं आणि भरलेल्या गाड्या न निसटू देता खाली आणणं. म्हणून अमेरिकेतल्या लाकूड कंपन्या साध्या रेल्वेला परवडणार नाहीत असे चढ बिनदिक्कत टाकायच्या. तुम्हीही घाबरू नका, पण हिशेब करून टाका.

स्केल ओएन३० घ्या: १:४८ आणि १६.५ मिमीचा रूळ. हा एचओ या १:८७ च्या लोकप्रिय स्केलचाच रूळ असल्याने चाकं, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे), मोटारी सहज मिळतात. कॅलिफोर्नियातल्या टुओलमी गावची वेस्ट साइड लंबर कंपनीची लाइन तुमच्या डोळ्यांसमोर असेल, तर ती ३ फुटी होती. १:४८ मध्ये त्याचे १९ मिमी होतात आणि तिथे जवळपास सगळं हाताने करावं लागतं. पहिल्या कामाला ते नको. आपली लाइन ३० इंची होती असं धरून चाला. दिसायला फरक नगण्य आहे. (माथेरानची गाडी २ फुटी, म्हणजे याच स्केलमध्ये १२.७ मिमी. तिथेही १:२० चा चढ आहे, पण तिच्या जुन्या वाफेच्या इंजिनांना गिअर नव्हते. वळणासाठी क्लीन-लिंडनर पद्धतीचे हलते आस होते. ते वेगळं प्रकरण आहे.)

आता प्लायचा हिशेब. त्रिज्या ४५ सेंमी धरा. कडेला साडेसात सेंमी सोडून लंबवर्तुळाकार फेरा सुमारे ५.६ मीटरचा बसतो. आत झिगझॅग काढा: फेऱ्यातून फुटणारा १४० सेंमीचा चढ, पुढे सांधा, सांध्यापलीकडे सपाट शेपूट, आणि तिथून उलट दिशेने वर जाणारी आणखी १४० सेंमीची लाइन. शेपटात इंजिन आणि तीन गाड्या पूर्ण मावल्या पाहिजेत. इंजिन सुमारे २० सेंमी, गाडी १५ सेंमीची, म्हणजे कपलिंगसकट ७२ सेंमी. इथे पाच सेंमीची कंजुषी केलीत तर प्रत्येक फेरीला शेवटची गाडी सांध्यावरच अडकेल.

खालच्या पट्ट्याला ५ टक्के चढ द्या, वरच्याला ४. कारण असं की इंजिन नेहमी उताराकडे असावं. कपलिंग सुटलं तर गाड्या इंजिनावर टेकतात, पळत सुटत नाहीत. झिगझॅगमध्ये दिशा बदलली की इंजिनाची जागाही बदलते, त्यामुळे एका पट्ट्यावर ते वरच्या बाजूला राहणारच. तो पट्टा सौम्य ठेवायचा. चढाच्या दोन्ही टोकांना २० सेंमी लांबीचं हळूहळू उचलणं ठेवा. ते धरून खाली ६ आणि वर जवळपास ५ सेंमी उंची मिळते, म्हणजे वरच्या टोकाचा लाकूडतोडीचा कॅम्प फेऱ्यापेक्षा ११ सेंमी वर. हे उचलणं टाळलं की चढ सुरू होतो त्या जागी कपलिंगची टोकं एकमेकांवरून सरकतात आणि गाडी सुटते.

फेऱ्यातच चढ घ्यायचा मोह झाला तर हे लक्षात ठेवा: वळण स्वतःच चढासारखं वागतं. ढोबळ सूत्र असं की ३२ ला इंचांतल्या त्रिज्येने भागा. १८ इंचाला १.८ आलं, म्हणजे वळणावरचा ४ टक्के चढ इंजिनाला ५.८ वाटतो.

ओढण्याची ताकदही कागदावर काढता येते. इंजिन ४५० ग्रॅमचं असेल तर ओढ सुमारे १०० ग्रॅम. ५ टक्के चढावर २२ ग्रॅम स्वतःलाच लागतात. ११० ग्रॅमची रिकामी गाडी, घर्षण ३ टक्के धरून, ९ ग्रॅम मागते. म्हणजे सरळ चढावर आठ गाड्या. तुम्हाला तीनच न्यायच्या आहेत, तेव्हा ताकद ही तुमची अडचण नाही. अडचण येते ती गाड्या ढकलताना. ओंडक्यांची गाडी म्हणजे नुसता सांगाडा, म्हणून हलकी. ढकलली की सांध्यावर उचलली जाऊन रुळावरून घसरते. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीने या लांबीच्या गाडीचं वजन सुमारे १७० ग्रॅम हवं, पण सांगाड्यात ते लपवायला जागाच नसते. मधल्या तुळईखाली शिशाची पट्टी चिकटवून ११० पर्यंत आणा, सगळ्या गाड्या सारख्या वजनाच्या करा आणि चाकं धातूचीच घाला. एका बोगीचा (गाडीखालच्या फिरत्या चाकांच्या सांगाड्याचा) स्क्रू फक्त फिरण्यापुरता मोकळा ठेवा, दुसरीचा थोडा डुलेल इतका सैल.

आता शे. एफ्रेम शे यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलं आणि ओहायोतल्या लिमा कारखान्याने ही इंजिनं बनवली. उभे सिलिंडर उजव्या बाजूला, बॉयलर डावीकडे सरकवलेला, आणि उजव्या कडेने जाणारा शाफ्ट बेव्हल गिअरने प्रत्येक आस फिरवतो. मॉडेलमधली खरी मेख याच शाफ्टमध्ये आहे. गाडी डावीकडे वळली की उजवी बाजू बाहेरची होते आणि शाफ्ट लांबतो. उजवीकडे वळली की आखडतो. ४५ सेंमी त्रिज्येवर हा फरक प्रत्येक बोगीमागे दोन-अडीच मिमी येतो. म्हणून काही शे एका दिशेने मजेत धावतात आणि दुसऱ्या दिशेने अडखळतात. दोष रुळात शोधण्याआधी इंजिन उलटं धरा, बोगी दोन्हीकडे पूर्ण वळवा, आणि सरकता जोड बाहेर निघतो का किंवा तळाला टेकतो का ते बघा. टेकत असेल तर आतला दांडा कानसीने अर्धा मिमी कमी करा, जास्त नको.

दुसरी तपासणी युनिव्हर्सल जोडांची, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या जोडांची. एका शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत हवेत. डागडुजी करताना एक काटा पाव फेरा फिरून बसला तर इंजिन वळणावर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला हिसके देतं आणि माणूस उगाच मोटर बदलत बसतो.

जुनं, वापरलेलं मॉडेल घेत असाल तर प्लास्टिकचे गिअर भिंगातून पाहा. आसावर घट्ट ठोकलेला गिअर वर्षांनी आकसतो आणि दोन दात्यांच्या मधल्या खाचेत केसासारखी चीर पडते. चाकाच्या दर फेऱ्याला एक ‘टक्’ ऐकू येतो. गोंद लावून उपयोग नाही. गिअरच बदला, आणि नवा बसवताना दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास आहे ना ते मोजा. क्लायमॅक्स आणि हायस्लर या इंजिनांत शाफ्ट मधोमध असतो, त्यामुळे डाव्या-उजव्याची भानगड नाही. तरी पहिलं इंजिन शेच घ्या. ज्या यंत्रणेसाठी हा सगळा खटाटोप, ती तिथे उघड्यावर दिसते.

वेगाबद्दल मी आग्रही आहे. ताशी १० मैल म्हणजे मॉडेलमध्ये सेकंदाला ९ सेंमी. मीटरभर जायला ११ सेकंद लागले पाहिजेत, फेऱ्याला एक मिनिट. यापेक्षा जोरात धावणारं शे बघवत नाही. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर इंजिनातल्या डीकोडरची सीव्ही ५ ही सेटिंग कमी करून कमाल वेग तिथेच बांधून टाका आणि बॅकअप कपॅसिटर नक्की लावा, कारण या वेगात रुळावरचा धुळीचा कणही इंजिन थांबवतो. आवाजाचा डीकोडर चाकाच्या एका फेऱ्याला चार भकाभकांवर लावलेला असतो, तो बदला. दोन सिलिंडरच्या शेमध्ये क्रँकच्या फेऱ्याला चार, आणि गिअर दोनास एकच्या वर, म्हणजे चाकाच्या फेऱ्याला आठ-नऊ. तीन सिलिंडर असतील तर बारा-तेरा. वेस्ट साइडची १० आणि १५ नंबरची शे आज योसेमिटी माउंटन शुगर पाइन रेल्वेवर आहेत. त्यांचे व्हिडिओ ऐका, इंजिन चालतंय सावकाश आणि आवाज येतोय घाईचा, हे लगेच कळेल.

रूळ कोड ८३ किंवा ७० (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत). कोड १०० या स्केलमध्ये पावणेपाच इंच उंच होतो, जंगलातल्या लाइनला तो फार जड दिसतो. हाताने टाकणार असाल तर स्लीपर ४१ मिमी लांब, ४ रुंद, ३ जाड. मीटरला साधारण ८०. फोटोफ्रेमवाल्याकडे पाइनच्या पट्ट्या मिळतात. दर पाचवा स्लीपर तांब्याच्या पत्र्याच्या सर्किट बोर्डचा ठेवून त्यावर रूळ सोल्डर करा, आणि मधोमध कानसीने तांबं तोडायला विसरू नका. एका स्लीपरचं राहिलं तरी अख्खी लाइन शॉर्ट. लाकूड जुनं दिसायला आधी कडक कोरा चहा फासा, वाळल्यावर स्टील वूल आठवडाभर बुडवून ठेवलेलं व्हिनेगर. चहातलं टॅनिन आणि लोह मिळून करडा रंग डोळ्यांदेखत चढतो.

प्लाय १२ मिमी, पाण्यात टिकणारा, आणि सहाही बाजूंनी सीलर मारलेला. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि रुळांचे जोड वर येतात. दर ९० सेंमीला अर्ध्या मिमीची फट सोडा आणि प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या. खडी टाकायची नाही, या लाइनी मातीतच असायच्या. माती चाळा, आणि मग चुंबक फिरवाच. सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या मातीत लोखंडी कण भरपूर असतात आणि ते थेट मोटारीत जाऊन चिकटतात. फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्याच्या साबणाचा एक थेंब.

ओंडक्यांसाठी २५ ते ३२ मिमी जाडीच्या बाभळीच्या फांद्या घ्या. तिची उभी भेगाळ साल या मापात जुन्या झाडासारखी दिसते. निलगिरी नको, साल गुळगुळीत असते. १० सेंमीचे तुकडे करा, ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन तास ठेवा, नाहीतर वर्षभरात भुंगेरे पिठी पाडतील. ओंडके गाडीला चिकटवू नका. पातळ साखळीने आवळा. कॅम्पवर भरायचे आणि खाली गिरणीच्या तळ्यात उतरवायचे आहेत ना.