ऑक्टोबरचं तिकीट आधी बदल

अरे,

तुझा मेल दोनदा वाचला. होमस्टे निम्म्या दरात मिळतोय म्हणून तू १ ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर व्हिएतनाममधल्या फोंग न्याला जाऊन राहणार, सकाळी गुहा बघणार, दुपारी लॅपटॉप उघडणार, आणि मला विचारलंस काय, तर तिथं वायफाय कसंय. वायफाय झकास आहे रे. खोली निम्म्या दरात का मिळतीये ते विचारायला हवं होतंस.

पुराचे दिवस आहेत ते, म्हणून. आपला पाऊस जूनला येतो आणि गणपतीनंतर ओसरायला लागतो, त्यामुळे आपल्या डोक्यात ऑक्टोबर म्हणजे आकाश निळं, हवा छान. तिथं उलटं आहे, मध्य व्हिएतनामचा खरा पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबर, समुद्रावरून वादळं येतात आणि मागे लाओसच्या सीमेवर डोंगर, म्हणजे सगळं पाणी त्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. सोन नदी वाढली की फोंग न्या गुहेतल्या होड्या बंद होतात. सोन डूंग या अजस्र गुहेच्या ट्रिपा तर जानेवारी ते ऑगस्टच असतात. तू जाऊन बघणार काय, तर पाणी.

मी जानेवारी २०२४ ला गेले होते, तीन महिन्यांसाठी म्हणून, आणि मध्ये दोनदा बाहेर जाऊन दरवेळी नव्या व्हिसावर परत येऊन सप्टेंबरपर्यंत राहिले. माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात दाराच्या चौकटीजवळ पेन्सिलने मारलेल्या दोन रेघा होत्या. मला वाटलं पोरांची उंची मोजलीये, आपण नाही का भिंतीवर मारत तशी. पहिल्याच आठवड्यात कौतुकाने विचारलं, कुणाची गं ही उंची? ती हसली, मग फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं: पाण्याची. खालची २०१० ची, वरची २०२० ची. वरची रेघ माझ्या कपाळाच्याही वर जात होती आणि मी पाच फूट तीन इंच आहे. त्यानंतर मला त्या घरातल्या सगळ्या विचित्र गोष्टी कळायला लागल्या. तांदळाची पोती माळ्यावर का, फ्रीजखाली विटांचा एवढा उंच चौथरा का, गोठ्याच्या छपराला आतून एक लहान होडी का टांगलीये, जिन्यापाशी ती जाड फळी कशाला (मोटरसायकल वर चढवायला). सप्टेंबरमध्ये मी निघताना ती शांतपणे एकेक वस्तू वर नेत होती, जशी माझी आजी मिरगाच्या आधी गोवऱ्या आत घ्यायची तशी, घाई नाही, भीती नाही, काम आहे ते करायचं.

तिथून लांब नाही, "तू लान" नावाच्या गुहा आहेत त्या बाजूला तान होआ नावाचं गाव आहे. २०१० च्या पुरात ते गाव बुडालं तेव्हा लोक डोंगराच्या कड्यांवर चढून बसले होते. त्यानंतर त्यांनी पिंपांवर तरंगणारी घरं बांधायला घेतली, पाणी आलं की घर वर उचललं जातं, उतरलं की परत जागेवर बसतं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत त्याचं नाव घातलं. आता तिथले होमस्टेसुद्धा तरंगतात. गंमत म्हणून जाशील, फोटो काढशील, काढ, पण ते शोभेसाठी बांधलेलं नाही एवढं लक्षात असू दे.

आणि हे पाणी आणि त्या गुहा वेगळ्या नाहीत रे, हे मला तिथं राहूनच कळलं. आपण महाराष्ट्रातली माणसं गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ डोक्यात आणतो, पण ती लेणी, माणसांनी छिन्नी-हातोड्याने बेसाल्टमध्ये कोरलेली. तिथं सगळा चुनखडक आहे, पावसाचं पाणी तो विरघळवत, पोखरत गेलं आणि आख्ख्या नद्या डोंगराच्या पोटातून वाहायला लागल्या. शाळेत भूगोलात ते अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ पाठ केले होतेस ना दोन मार्कांना, ते तिथं दुमजली इमारतीएवढे समोर उभे असतात. ज्या पाण्याने सोन डूंग कोरली तेच पाणी ऑक्टोबरमध्ये माझ्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात येतं. म्हणून म्हणते, त्या गावाचं वर्ष पाण्यावर चालतं, तुझ्या कंपनीच्या क्वार्टरवर नाही. आधी ते वर्ष समजून घे, मग त्यात तुझं काम कुठं बसतं ते बघ. तू उलटं करतोयस.

मग जायचं कधी? तेतच्या सुट्ट्या संपल्या की, म्हणजे साधारण फेब्रुवारीच्या शेवटी. तेत म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, त्या आठवड्यात बरीच दुकानं बंद, जो तो आपल्या घरी, नवख्या माणसाने त्या आठवड्यात तिथं पहिल्यांदा पोचू नये, उपाशी राहशील. मार्च ते मे सोनं. सुरुवातीला जरा रिमझिम आणि गारठा असेल, एक जाड स्वेटर घे, व्हिएतनाम म्हणजे गरमच असं समजून मी नेला नव्हता आणि पहिला महिनाभर रजई गुंडाळून मीटिंगा केल्या. जून-जुलैमध्ये लाओसकडून कोरडा गरम वारा येतो, पारा चाळिशीला टेकतो, त्यात लाईट गेली की विदर्भ आठवतो.

कामाचं. घड्याळ आपल्या पुढे दीड तास. पुण्याचे दहा ते सात म्हणजे तिथले साडेअकरा ते साडेआठ, म्हणजे सकाळ पूर्ण तुझी, आणि तिथं सकाळच खरी. गाव पाचला उठतं, उठवलं जातं म्हण, खांबांवर सरकारी भोंगे आहेत आणि पहाटे त्यावर बातम्या आणि गाणी सुरू होतात. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी आपत्ती आली, मी पासपोर्ट घेऊन बाहेर पळाले, अंगणात म्हातारेबुवा निवांत कॉफी पीत बसलेले. संध्याकाळी सहाला जेवणं, नऊला रस्ता सामसूम. तुझा क्लायंट जर अमेरिकेतला असेल तर मात्र विचार कर, तुझं काम रात्री आठ-नऊला सुरू होऊन पहाटे चारला संपणार, पाचला भोंगा, आणि तू दिवसभर झोपणार. मग पुण्यातच झोप की, स्वस्त पडेल.

इंटरनेटची एक मेख. गावागावात फायबर पोचलंय, घरातला स्पीड बघून तू खूश होशील. पण देशाबाहेर जाणारा डेटा समुद्राखालच्या केबलींमधून जातो आणि त्या वारंवार बिघडतात, २०२३ च्या सुरुवातीला तर पाचही केबली एकदम आजारी होत्या. तेव्हा गंमत अशी होते की शेजारचा पोरगा व्हिएतनामी व्हिडिओ मस्त बघत असतो आणि तुझी भारतातल्या सर्व्हरवर साधी फाईल चढत नाही. मोठ्या फाईली रात्री अकरानंतर चढवायच्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवायची, आणि जाण्याआधी ऑफिसला विचारायचं की परदेशातून लॉगिन चालतं का. हे लेखी विचार. माझ्या ओळखीतल्या एकाचं अकाउंट पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉक झालं आणि मॅनेजरला तो कोकणात आहे असं सांगितलेलं. पुढचं सांगत नाही.

व्हिसा. तुझ्यासारख्यांसाठी वेगळा नोमॅड व्हिसा वगैरे व्हिएतनाममध्ये नाहीये, यूट्यूबवाले काहीही सांगोत. ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा मिळतो. त्यावर तू पर्यटक आहेस, तेव्हा तिथल्या कुणाकडून कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, एक डोंगसुद्धा. पोरांना इंग्रजी शिकवशील का असं विचारतीलच, शिकव, पण पैसे घेऊन नाही. घरमालकाला तुझी नोंद पोलिसांकडे करावी लागते, तो पासपोर्ट मागेल, घाबरू नकोस. पगार, टॅक्स, किती दिवस बाहेर राहिलं की काय होतं, हे तुझ्या सीएला विचार, मावशीला नको.

बाईकवरून आता मी बोअर करणार. भाड्याने पटकन मिळते, लायसन्स कुणी बघत नाही. पण व्हिएतनाम १९६८ च्या रस्ता-वाहतूक करारातलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मानतं आणि आपल्या आरटीओत मिळतं ते १९४९ च्या करारातलं, म्हणजे तुझ्या हातातला तो कागद तिथं शोभेचा. पडलास तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न हाच विचारतात. मी पडले, खडीवर, गाडी वीसच्या स्पीडला, गुडघा फुटला, सगळं बिल खिशातून गेलं आणि चूक माझीच. गाव सपाट आहे, नदीकाठचा रस्ता, भुईमुगाची शेतं, सायकल घे. डोंगराकडे जायचं असेल तर गाडीवाला सांग.

खाणं. तू शाकाहारी आहेस ना? तर पहिलं वाक्य पाठ कर, "तोई आन चाय". चहा नाही रे, चाय म्हणजे शाकाहारी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच चाय खातात, त्यामुळे कल्पना नवीन नाही, पण माशाचा सॉस त्यांच्या लेखी मांसाहारात येतोच असं नाही, तेव्हा "न्यूक माम नको" हे वेगळं सांगायचं. खात असशील तर मग चाओ कान्ह खा, तिथली सकाळची जाड शेवयांची वाटी, आणि वाळवलेल्या रताळ्याच्या चिवट फोडी. मी चहा पावडर, गोडा मसाला आणि छोटा कुकर नेला होता. कुकरची शिट्टी ऐकून शेजारी बघायला आले, तिथून ओळखी सुरू झाल्या.

ओळखीचं सांगते. लोक तुला भेटल्या भेटल्या वय विचारतील. चिडू नकोस. त्यांच्या भाषेत नुसता "तू" किंवा "तुम्ही" म्हणून भागत नाही, समोरचा मोठा भाऊ, धाकटं भावंड, काका, आत्या, कोण ते ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. आपण रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणतो त्याच्या दहा पावलं पुढे. मी काहींची "एम" झाले म्हणजे धाकटी, बाकीच्यांची "ची" म्हणजे ताई. आणि ॲपवर शिकलेली भाषा हनोईची असते, या भागात "कुठे"ला "डाउ" नाही, "मो" म्हणतात. पुस्तकी पुणेरी शिकून मालवणात उतरावं तसं होतं. मी एक दिवस "दी मो?" म्हणजे कुठे निघालीस, असं मालकिणीला विचारलं तर ती इतकी हसली की शेजारणीला बोलावून मला परत म्हणायला लावलं. त्या दिवसानंतर तिने भाडं कमी केलं नाही पण जेवायला हाक मारायला लागली.

आता गुहा. पॅराडाइज केव्ह म्हणजे थिएन डुओंग, ३१ किलोमीटर लांब, आपल्याला पहिला एक किलोमीटर लाकडी वाटेवरून बघता येतो, आणि तेवढ्यानेही मान दुखते वर बघून. शनिवार-रविवार सोडून जा, तू तिथं राहणार आहेस, तुला कसली घाई. सोन डूंगला चार दिवसांचे तीन हजार डॉलर पडतात, वर्षाला हजारच माणसं सोडतात, तो नाद आत्ता सोड. त्याच वाटेवर हांग एन आहे, आत नदी, वाळूचा किनारा, त्यावर तंबू, आणि वर पाकोळ्यांचा थवा. मी एक रात्र राहिले. पहाटे गुहेच्या तोंडातून उजेडाचा पट्टा आत आला तेव्हा आमचे पोर्टर भात शिजवत होते, त्यातला एक पन्नाशीचा, पूर्वी जंगलात लाकूडतोड आणि शिकार करायचा म्हणाला. तिथं असे खूप आहेत. सोन डूंग ज्याने शोधली तो हो खान्हसुद्धा अगरूचं लाकूड शोधत फिरणारा, १९९० च्या सुमाराला वादळात आडोसा शोधताना ते तोंड दिसलं, नंतर ती जागाच सापडेना, २००८ मध्ये परत सापडली आणि २००९ मध्ये हॉवर्ड लिम्बर्टच्या ब्रिटिश गुहा-संशोधक टीमला तो तिथं घेऊन गेला. तेव्हा पोर्टरला "भैया" करू नकोस, वय विचार आणि नीट हाक मार.

एकटा मात्र जंगलात शिरायचं नाही, अजिबात नाही. हा हो चि मिन्ह ट्रेलचा, म्हणजे युद्धात उत्तर व्हिएतनामच्या रसदीच्या वाटेचा भाग, अमेरिकन विमानांनी भाजून काढलेला, न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. रोड २० वर आठ बायांची गुहा म्हणून जागा आहे. नोव्हेंबर १९७२ मध्ये बॉम्बहल्ल्यात गुहेच्या तोंडावर दरड कोसळली आणि रस्ता दुरुस्त करणारी तरुण पोरं-पोरी आत अडकली, बाहेरच्यांना दगड हलवता आला नाही. तिथं लोक उदबत्ती लावतात. तू पण लाव, सेल्फी नको.

खर्च माझा महिन्याला खोलीचे साठ लाख डोंग, म्हणजे वीसेक हजार रुपये, घाबरू नकोस, एका रुपयाला जवळपास तीनशे डोंग. कॉफी पंचवीस हजार. पहिला आठवडा तू सगळीकडे करोडपती असशील.

हनोईहून रात्रीची ट्रेन पकड, "डोंग होई" स्टेशनपर्यंत ५२२ किलोमीटर, खालचा बर्थ घे, तिथून पुढे बस. आणि आता नकाशात प्रांताचं नाव क्वांग बिन्ह दिसलं नाही तर गडबडू नकोस, जुलै २०२५ मध्ये तो क्वांग त्रीत विलीन झालाय.

ऑक्टोबरचं तिकीट रद्द करायला किती कापतायत ते आज रात्रीच बघ आणि मला कळव. मार्चचं ठरलं तर मालकिणीला मी मेसेज टाकते, तिची मागची खोली पंख्याची आहे पण खिडकी नदीकडे. जाताना तिच्यासाठी एक कुकर घेऊन जा, तीन लिटरचा, माझा तिने परत दिला नव्हता, पण रिंग आता गेली असेल.

तुझी मावशी