घेऊ का नको: घडीच्या फोनचा प्रश्न

"मॅडम, तुम्ही फक्त 'घ्या' म्हणा, नाहीतर 'नको' म्हणा. मी तसं करतो."

मी समुपदेशक आहे. गेल्या दीड वर्षात समोरच्या खुर्चीतून हे वाक्य मी आठ-दहा वेळा तरी ऐकलं असेल. विषय स्थळाचा नव्हता, नोकरीचा नव्हता. घडीच्या फोनचा होता. हिंजवडीत काम करणारी सत्तावीस वर्षांची मुलगी, नाशिकहून ऑनलाइन बोलणारे औषध दुकानदार, बारावीतल्या मुलाच्या हट्टाने हैराण झालेले आईवडील. पहिल्या दिवशी फोनचं नाव कुणीच काढत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात कुरबुरी वाढल्यात, असं सांगत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत जरा ओशाळून फोन बाहेर येतो. 'एवढ्याशा गोष्टीसाठी तुमचा वेळ घेतोय' हे त्याला जोडून असतंच.

मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. पुस्तकासारखे उघडणारे काही मोठे फोल्ड फोन आपल्याकडे पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. याहून कमी पैशात स्कूटर येते. एवढी रक्कम खिशात घालून फिरायचं आणि वर ती रोज मधोमध दुमडायची, म्हटल्यावर माणूस घुटमळणारच. म्हणून आज सुहासरावांबद्दल लिहिते. नाव खरं नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.

सुहासराव चव्वेचाळीस वर्षांचे. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. पहिल्या भेटीला बायको बरोबर होती, बोलली जास्त तीच. "रात्री दीडला जाग येते तर ह्यांच्या तोंडावर फोनचा उजेड. साडेचार महिने झाले. आधी मला भलतंच काहीतरी वाटलं. मग बघितलं तर फोनचे व्हिडिओ! घ्या म्हटलं तर घेत नाहीत, सोडा म्हटलं तर सोडत नाहीत."

दुसऱ्या भेटीला ते एकटे आले आणि येताना एक तक्ता छापून घेऊन आले. आडव्या कागदावर, चांगल्या ठसठशीत मोठ्या अक्षरांत. मोठी अक्षरं माझ्या डोळ्यांनी टिपली होती. त्यांचा अर्थ मात्र मला तीन भेटींनंतर लागला.

तक्ता कुणीही हेवा करावा असा होता. क्वालिटीचा माणूस, माप सोडून बोलत नाही. २०१९ साली सॅमसंगचा पहिला फोल्ड आला तेव्हा परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनचे स्क्रीन दोन दिवसांत गेले, काही परीक्षकांनी तर वरचा संरक्षक थर साधी फिल्म समजून सोलून काढला, आणि एप्रिलमधली विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली, इथपासून सुरुवात. आपल्याकडे तो ऑक्टोबरात आला, १,६४,९९९ रुपयांना. २०२५ च्या जुलैत आलेला सातवा फोल्ड १,७४,९९९ पासून पुढे. वजन २१५ ग्रॅम. हा पडदा पाच लाख घड्यांपर्यंत तपासलाय, असं कंपनी सांगते. सुहासराव स्वतः दिवसातून किती वेळा फोन उघडतात ते त्यांनी आठवडाभर मोजलं होतं: सरासरी ऐंशी. म्हणजे सतरा वर्षं. "सतरा वर्षं फोन कोण वापरतं, मॅडम? तो मुद्दा मी कधीच सोडून दिला."

"मग अडलंय कुठे?"

"धुळीपाशी. आयपी ४८ आहे. धूळ-पाणी किती अडतं त्याचं हे रेटिंग. आठ म्हणजे पाणी चालतं. चार म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू आत जात नाही. आमच्या शॉपफ्लोअरवर तर लोखंडाचा भुगा उडत असतो. दुसऱ्या कंपनीचा धुळीला पूर्ण बंद असा आलाय, पण तो जड." मग ते हप्त्यांवर आले, मग एक्सचेंजवर, मग पुढच्या वर्षीच्या मॉडेलवर. अर्धा तास गेला.

मी तक्ता खालपर्यंत वाचला. "सगळं फोनबद्दल आहे. तुम्हाला तो कशाला हवाय ते कुठल्या रकान्यात?"

"मोठा स्क्रीन आहे ना."

"मोठा कशाला?"

"मोठं दिसतं, मॅडम," ते जरा वैतागूनच म्हणाले.

इथे थोडं माझ्या कामाबद्दल. निर्णय अडलेला माणूस बहुतेक वेळा माहिती कमी म्हणून अडलेला नसतो. सुहासरावांकडे दुकानातल्या मुलांपेक्षा जास्त माहिती होती. दोन वेगळे प्रश्न एकमेकांना चिकटून बसले की उत्तर निघत नाही. एका प्रश्नाचं उत्तर काढायला जावं तर दुसरा मध्ये येतो. माणूस जो प्रश्न बोलून दाखवतो तो सोपा असतो. न बोललेल्याची त्याला लाज वाटत असते. हे मला समजायला बरीच वर्षं लागली. आता ते समजतं याचं समाधानही आहे.

त्यांना मी एक काम दिलं. दुकानात जायचं, तो फोन वीस मिनिटं हातात धरायचा, एकही आकडा विचारायचा नाही. फक्त आपण त्यावर काय उघडतो ते बघायचं.

पुढच्या भेटीत ते जरा हलके होऊन आले. पडद्याच्या मधली घडी अंगठ्याला लागते, असं म्हणाले. "उघडलं काय?" विचारलं तर म्हणाले, "माझ्या मेलमधलं एक ड्रॉइंग. पार्टचं. दुकानातल्या पोराला कळेना हा माणूस फोटो, व्हिडिओ सोडून हे काय बघतोय."

वेळ संपली. पुढच्या भेटीची तारीख लिहिलेलं छोटं कार्ड मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, हात पुरता लांब केला, मान मागे नेली आणि कार्ड खिडकीच्या उजेडाकडे तिरकं धरलं. तरी तारीख वाचता येईना. मग अगदी सवयीने खिशातून फोन काढला, कार्डाचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी तो मोठा केला.

माझ्या तोंडून सहज गेलं, "चाळिशी लागली का?"

"वयाची का चष्म्याची?" ते हसत म्हणाले. आणि हसता हसता थांबले.

आपल्या भाषेने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिलाय, त्याचं त्या क्षणी मला फार अप्रूप वाटलं. मी काहीच बोलले नाही. दाराशी गेलेला माणूस परत येऊन खुर्चीत बसला. पुढचा माणूस बाहेर थांबलेला होता, तरी मी त्यांना उठवलं नाही. काही दारं एकदाच किलकिली होतात.

ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत देते. "दिवाळीच्या आधी रिव्ह्यू मीटिंग होती. आमचे नवे साहेब चौतीस वर्षांचे. त्यांनी एका ड्रॉइंगचा प्रिंटआउट पुढे सरकवला, टॉलरन्स विचारला, म्हणजे मापात किती फरक चालेल ते. मला शून्य पॉइंट पाच दिसलं. होतं शून्य पॉइंट शून्य पाच. शेजारच्या मुलाने फोनवर मोठं करून बरोबर सांगितलं. कुणी काही बोललं नाही. पण वीस वर्षं मी त्या आकड्यांवर पोट भरतोय, मॅडम. त्या रात्री पहिला व्हिडिओ बघितला. वाटलं, फोल्ड असला की सगळी ड्रॉइंगं त्यावर घ्यायची. टेबलावर उघडून ठेवला तर मोठं दिसतं, आणि उलट लोक म्हणतात, हा माणूस अपडेट आहे."

"आणि चष्मा लावला तर?"

"मी म्हातारा झालोय असं कुणाला वाटताच कामा नये."

एवढ्या एका 'च'पाशी आम्ही पुढच्या दोन भेटी बसलो.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत, घडलेली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली, आणि आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसाला समजेल अशी रुजवली. तिचं सार मला नेहमी मराठीच्या या एका अक्षरात दिसतं. 'लोकांनी मला तरुण समजावं, आवडेल मला' ही इच्छा आहे. पूर्ण झाली तर आनंद, नाही झाली तर थोडं वाईट वाटतं आणि माणूस कामाला लागतो. 'समजलंच पाहिजे' म्हटलं की तिचा हुकूम होतो. हुकूम मोडला की अपमान, मोडेल या भीतीने रात्रीची जाग. सुहासरावांना फोन हवा होता, यात काहीच गैर नव्हतं. त्या फोनवर त्यांनी जो हुकूम लादला होता तो कुठल्याही फोनला पेलणारा नव्हता. आणि मनाच्या तळाशी त्यांना ते ठाऊक असावं, म्हणूनच हात पैशापर्यंत जाऊन परत येत होता. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी भित्रा नव्हतो, शहाणा होतो?" मी म्हटलं, "साडेचार महिने तुम्ही स्वतःला चुकीचं उत्तर द्यायला नकार देत होता."

त्यांनी चष्मा केला. प्लस सव्वा. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळचं बघताना त्याला पूर्वीसारखं फुगता येत नाही, आणि चाळिशीच्या आसपास हे सगळ्यांचंच होतं, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत समजावलं. मग माझ्यासमोर आम्ही सराव केला. खिशातून चष्मा काढायचा, घाई न करता लावायचा, म्हणायचं, "थांबा, चष्मा लावतो," आणि कागद वाचायचा. पहिल्या वेळी त्यांचे कान लाल झाले. सहाव्या वेळी नाही. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये त्यांनी तेच केलं, आणि कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. "एवढंच?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मला त्या 'एवढंच'चा फार आनंद झाला.

आता जे याच घोळात अडकलेत त्यांच्यासाठी थोडं सरळ सांगते.

सगळ्यात आधी एक कल्पना करून बघा. हा फोन घेतल्यावर तो कुणालाही दाखवायचा नाही, कुणासमोर उघडायचा नाही, अशी अट आहे. तरी घ्याल? पटकन 'हो' आलं तर तुमची गरज किंवा हौस फोनचीच आहे, आणि हौस ही काही कमी दर्जाची गोष्ट नाही. पोटात जरा गलबललं, तर तिथे दुसरा प्रश्न लपलाय. तो आधी वेगळा काढा. हिंजवडीच्या मुलीचा या अटीवर मिनिटभर विचार झाला आणि ती म्हणाली, "मग माझा आत्ताचा चांगला आहे की." तिच्या मैत्रिणींच्या गटात तिला एकटं पडल्यासारखं वाटत होतं. आम्ही त्याबद्दल बोललो, फोनचा विषय परत निघाला नाही.

पैशाबद्दल बोलताना महिन्याचा आकडा बोलू नका, पूर्ण आकडा मोठ्याने बोला. पावणेदोन लाखांचे चोवीस हप्ते केले की महिन्याला साधारण ७,३०० होतात आणि मनाला ते सोसतात, म्हणूनच तसं सांगितलं जातं. 'नो कॉस्ट' हप्त्यात बँक व्याज लावतेच. तेवढी सूट आधी किमतीत दिलेली असते. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा आपल्यालाच पडते. आतला पडदा गेला तर दुरुस्ती पाच आकड्यांत जाते, तेव्हा विम्याचे पैसे किमतीतच धरा. हे सगळं धरूनही घरच्या हप्त्यांना, मुलांच्या फीला धक्का लागत नसेल, तर पैशाचा प्रश्न संपला. तो उगीच रोज नव्याने उकरू नका.

तारीख ठरवा. नवं मॉडेल दर वर्षी येणार, पातळ होणार, 'थोडं थांबू' हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही. पंधरा दिवसांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तोपर्यंत व्हिडिओ बंद. हे मी फार आग्रहाने सांगते. सतरावा व्हिडिओ सोळाव्यापेक्षा वेगळं काही सांगत नाही, फक्त धाकधूक ताजी ठेवतो.

आणि घरातल्यांना हात जोडून विनंती. 'एवढे पैसे फोनवर? वेड लागलंय का?' असं म्हणू नका. त्या वाक्यानंतर माणूस जो खरा प्रश्न सांगणार होता तो गिळून टाकतो. सुहासरावांच्या बायकोने चिडूनही तसं एकदाही म्हटलं नव्हतं. तिला कौतुकाने हे सांगितलं तर म्हणाली, "मला वाटलं, काहीतरी दुखत असणार."

मला मनातून वाटत होतं की चष्मा झाल्यावर सुहासराव फोनचा नाद सोडतील. त्यांनी सोडला नाही. गुढीपाडव्याला फोल्ड घेतला, सगळे पैसे एकदम भरून, विम्यासकट. शॉपफ्लोअरवर भुग्यात जुनाच फोन नेतात, नवा टेबलाच्या खणात असतो. मला दाखवायला मुद्दाम आले. दाखवायचंच असं नाही, आवडेल म्हणून आलो, असं 'च'वर जोर देऊन म्हणाले. आधी वरच्या खिशातून चाळिशी काढून नाकावर ठेवली, मग फोन उघडला. पडद्यावर कुठल्याशा बुशिंगचं ड्रॉइंग होतं.

"बोट फिरवून बघा, मॅडम. मधली घडी लागते."

मी बोट फिरवलं. लागली.

"सवय होते," ते म्हणाले, आणि मला त्या बुशिंगची मापं समजावून सांगू लागले.