कागदावर काढलेलं आणि कागदाचंच केलेलं

तुम्ही विचारलंय, "आधुनिक कलाकार कागद हे माध्यम म्हणून वापरतात म्हणजे नेमकं काय करतात? कागदावर चित्रं तर सगळेच काढतात."

शंका रास्त आहे. मी एक साधी कसोटी लावतो. तेच चित्र कॅनव्हासवर काढलं असतं तर चाललं असतं का? चाललं असतं, तर तिथे कागद फक्त ताट आहे, वर काय वाढलंय ते महत्त्वाचं. पण कापणं, दुमडणं, फाडणं, भिजवणं हीच कलाकृती असेल, तर कागद माध्यम झाला.

सुरुवात साधारण १९१२ सालची. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने लाकडाच्या रेषांची छपाई असलेला तयार वॉलपेपर कापून चित्रात चिकटवला. त्याच वर्षी पिकासोने पुठ्ठा, दोरा आणि तार घेऊन चक्क गिटार उभी केली. फ्रेंच चित्रकार मातिसकडे कात्री आली ती आजारपणामुळे. १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ईझलपुढे (चित्र टेकवायच्या घोडीपुढे) उभं राहणं अवघड झालं, मग सहायकांनी रंगवून ठेवलेले कागद तो कापायचा आणि ते भिंतीवर टाचण्यांनी इकडेतिकडे सरकवून बघायचा. १९५३मधली त्याची 'गोगलगाय' जवळजवळ तीन मीटर लांबरुंद आहे. तेव्हा तो ८३ वर्षांचा होता! शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची गोष्ट मला याहून जवळची वाटते. १९५७च्या सुमारास त्यांची दृष्टी गेली, त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून कोलाज, म्हणजे तुकडे चिकटवून चित्रं केली. कागदाची कड बोटांना कळते. रंगाचा फटकारा कळत नाही.

आजच्यांपैकी डॅनिश कलाकार पीटर कॅलेसन बघाच. साधा पांढरा ए-फोर कागद घेऊन तो त्यातूनच एखादी आकृती कापतो, दुमडतो आणि त्याच कागदावर उभी करतो. खाली राहिलेलं भोक त्या आकृतीच्या सावलीसारखं दिसतं. ते भोकही चित्राचाच भाग.

हे पाहून मीही एक पक्षी करायला बसलो. छपाईचा नेहमीचा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कागद घेतला. पाय दुमडताना बिजागरीपाशीच फाटला. दुसरा उभा राहिला, पण तासाभरात पंख लोंबकळले. चूक नंतर लक्षात आली. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडतात. वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूने सरळ फाटतं, दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं. तंतूंच्या दिशेने कागद ताठ राहतो, आडवा घेतला की वाकतो. माझे पंख आडवे कापलेले होते. कॅलेसन हे सगळं आधी सपाट कागदावर डोक्यात उलगडून बघत असणार, कारण एकदा दिलेला काप परत घेता येत नाही.

मग लगद्याची दुनिया आहे. भारतीय शिल्पकार सोमनाथ होर यांची 'जखमा' मालिका मिळाली तर जरूर बघा. मातीच्या थरावर सुरीने घाव घालायचे, त्याचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं, रंग जवळपास नाहीच, तरी कागदाची कातडी सोलल्यासारखी वाटते. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने १९७८मध्ये याच्या अगदी उलट केलं: रंगीत ओला लगदा साच्यांमध्ये ओतून पोहण्याचे तलाव केले. रंग कागदावर नाही, कागदातच.

घड्यांबद्दल थोडक्यात: जपानच्या अकिरा योशिझावांनी कागद किंचित ओला करून दुमडायची पद्धत रूढ केली. वाळल्यावर आकार धरून राहतो, त्यामुळे प्राण्यांना गोलाई आली. ओरिगामी म्हणजे मुलांचा खेळ, असं म्हणणाऱ्यांना मी त्यांचं काम दाखवतो.

टिकण्याचं विचाराल तर पंचाईत आहे. वर्तमानपत्राच्या कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेला घटक) प्रकाशात पिवळं पडतं, त्यामुळे पिकासोने चिकटवलेली कात्रणं आता तपकिरी झाली आहेत. आज बरेच जण आम्लविरहित, सुती लगद्याचा कागद घेतात. आणि जर्मनीचा थॉमस डिमांड? तो कागद-पुठ्ठ्याच्या अख्ख्या खोल्या खऱ्या मापात उभारतो, फोटो काढतो आणि मग त्या मोडून टाकतो.